माया आणि शुश्रूषा

प्रत्येक समाजांत कांहीं सद्गुणांची स्तुति करण्याची संवय इतकी जडलेली असते कीं त्यांची परीक्षा करण्याचें कोणाच्या मनांतच येत नाहीं. आपल्याकडे रुग्णसेवेचें असेंच झालें आहे. अंथरुणास खिळलेल्या सासऱ्याची आठ-आठ वर्षें सेवा करणारी सून, आईच्या उशाशीं रात्री जागवणारा मुलगा, यांच्यापुढें आपण मान लववितों, आणि ती लववावी हें योग्यच आहे. परंतु या स्तुतींत एक गोष्ट न बोलतां गृहीत धरलेली असते: मनांत माया असली म्हणजे हातून सेवा आपोआपच घडते. ही समजूत खरी आहे काय? आणि ती खोटी असेल, तर मायाळू माणसाच्या हातून अजाणतां झालेल्या अपायाचा नैतिक हिशेब कोणाच्या खात्यावर मांडावयाचा? हा प्रश्न शास्त्री-पंडितांच्या वादाचा वाटण्याचा संभव आहे. पण ज्या रोगाच्या निमित्तानें मी तो येथें उपस्थित करीत आहें, त्याची ओळख नाहीं अशीं घरें आपल्यांत फार थोडीं निघतील. तो रोग म्हणजे पक्षाघात.

आमच्या कोंकणांत कोणी त्यास लकवा म्हणतात, कोणी नुसतें ‘अंगावरून वारें गेलें’ म्हणतात. या शब्दप्रयोगांत आयुर्वेदांतील वातव्याधींची दूरची आठवण असावी. पण त्यामुळें एक अनिष्ट कल्पनाहि मनांत रुजते. वारें येतें आणि निघून जातें. तें गेल्यावर मागें राहिलेल्या शरीराची डागडुजी करणें एवढेंच माणसाच्या हातीं उरतें, अशी ती कल्पना होय. वस्तुतः प्रकार उलट आहे. मेंदूस रक्त नेणारी एखादी वाहिनी गुठळीनें तुंबते, किंवा कांहीं रोग्यांत ती फुटते, आणि त्या क्षणापासून मेंदूचा नाश मिनिटामिनिटानें होत राहतो. मोठी वाहिनी तुंबली असतां दर मिनिटास सुमारें १९ लाख मज्जापेशी मरतात, असा हिशेब जेफ्री सेव्हर या अमेरिकन तज्ज्ञानें २००६ सालीं मांडला. म्हणजे वारें गेलेलें नसतें; तें अजून वाहत असतें.

तें थांबवितां येतें, हें आपल्या पूर्वजांस ठाऊक असणें शक्यच नव्हतें. १९९५ सालीं अमेरिकेंत ६२४ रोग्यांवर झालेल्या परीक्षेनें असें दाखविलें कीं गुठळी विरघळविणारें औषध तीन तासांच्या आंत शिरेंतून दिलें, तर तीन महिन्यांनंतर जवळजवळ पूर्ववत् होण्याची शक्यता निदान तीस टक्क्यांनीं वाढते. २००८ सालीं ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेतां येते असें सिद्ध झालें. २०१५ नंतर मोठ्या वाहिनींतील गुठळी तारेच्या साहाय्यानें ओढून काढण्याची रीतिहि सर्वमान्य झाली, आणि निवडक रोग्यांत ती चोवीस तासांपर्यंत उपयोगी पडते. शतकानुशतकें ज्यास आपण दैव म्हणत आलों त्याच्या हातांत आतां घड्याळ आलें आहे. दैवापुढें हात टेकण्यास कोणाचा दोष नव्हता. घड्याळाची गोष्ट वेगळी.

फोंडाघाट हें गांव देवगड-निपाणी रस्त्यावर सह्याद्रीच्या अगदीं पायथ्याशीं वसलेलें आहे. घाट चढला कीं दाजीपूरचें अरण्य, पुढें राधानगरी आणि मग कोल्हापूर; उलट दिशेस निघालें कीं कणकवली. घाटावरचा माल कोंकणांत उतरे तो याच वाटेनें, आणि बाजारपेठ म्हणून गांवास जी प्रतिष्ठा आली तीहि या वाटेमुळेंच. परंतु या रोगाच्या दृष्टीनें पाहिलें तर वाटेवरच्या गांवाची सोय थोडी आणि अडचण फार. जिल्हा रुग्णालय ओरोसला, कोल्हापूर घाटापलीकडे, आणि सिंधुदुर्गांतील पुष्कळ कुटुंबें कठीण प्रसंगीं ज्याच्याकडे धांव घेतात तें गोव्यांतील बांबोळीचें रुग्णालय तर त्याहूनहि दूर. पावसाळ्यांत घाटांत दरड कोसळली म्हणजे एक वाट बंदच झाली. २०१४ पासून महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते, ही मोठीच सोय होय. तरी डोंगराच्या कुशींतील वाडीवरून रोग्यास गाडीपर्यंत आणणें, गाडी वळणावळणानें नेणें, यांत साडेचार तासांचा मोठा भाग खर्ची पडूं शकतो. त्याबद्दल कोणास बोल लावावा? रस्ता लांब आहे हा कोणाचा अपराध नव्हे. मला ज्याचा विचार करावयाचा आहे तो वेळ निराळा. तो रस्त्यावर जात नाहीं. तो घरांत जातो, आणि माझ्या मतें मायेमुळें जातो. हें विधान कठोर वाटेल, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों.

सकाळीं आजोबांच्या हातून चहाचा कप निसटतो, तोंड एका बाजूस ओढलें जातें, शब्द बोबडे येतात. घरांतील मंडळी धांवतात. कोणी तेल कोंबट करून हात चोळूं लागतो. कोणी म्हणतो, रात्रीं झोंप झाली नसेल, जरा पडूं द्या. कोणी शेजारच्या गांवच्या एखाद्या जाणत्याचें नांव काढतो. मुंबईच्या मुलास फोन लागेपर्यंत कांहीं ठरवावयाचें नाहीं, असेंहि एकदां ठरतें. आणि आजी, जिच्या मायेविषयीं ब्रह्मदेवासहि शंका येणार नाहीं, ती वाटींत मऊ पेज घेऊन येते, कारण सकाळपासून त्यांच्या पोटांत कांहीं नाहीं. आतां, पक्षाघातांत गिळण्याचे स्नायूहि पुष्कळदां दुबळे होतात. पेजेचा तो चमचा अन्ननलिकेंत न जातां श्वासनलिकेंत उतरतो. रोगी खोकेलच असेंहि नाहीं, कारण घशाची संवेदनाच बधिर झालेली असते. दोन-तीन दिवसांनीं ताप येतो, फुप्फुसांत दाह होतो, आणि पक्षाघातांतून कदाचित् वांचला असता तो रोगी या दाहानें जातो. पेजेचा आणि त्या तापाचा संबंध घरांत कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. ‘शेवटीं दोन चमचे पेज तरी माझ्या हातून पोटांत गेली,’ एवढें समाधान मात्र त्या आजीपाशीं उरतें, आणि तें तिच्यापासून हिरावून घेण्याचें धैर्य कोणास होईल असें मला वाटत नाहीं.

येथें अपराध झाला आहे काय? हेतु शुद्ध होता, आणि हेतूवरच कर्माची नीति ठरते असें मानणारा पंथ थोर आहे. परंतु १८७७ सालीं विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानें आपल्या एका प्रसिद्ध निबंधांत एका जहाजमालकाचा दृष्टान्त दिला आहे. जहाज जुनें झालें आहे, दुरुस्तीची गरज आहे, अशा शंका त्याच्या मनांत येतात. पण त्या तो दूर सारतो, जहाज आजवर सुखरूप आलें आहे तसेंच याहि वेळीं येईल असा स्वतःचा खरोखरीचा विश्वास बसवितो, आणि उतारूंना निरोप देतो. जहाज बुडतें. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास मनापासूनचा होता ही सबब चालणार नाहीं. तसा विश्वास बाळगण्याचा त्यास अधिकारच नव्हता. आजीला या न्यायासनासमोर उभें करणें अन्यायाचें होईल. तिला ही गोष्ट कोणीं सांगितलीच नव्हती. जहाजमालक तुम्हीं-आम्हीं आहों. जगांतील निवडणुका, क्रिकेटचे सामने, सोन्याचे भाव यांची बित्तंबातमी ठेवणाऱ्या सुशिक्षित घरांत, वडिलांचें तोंड वांकडें झालें तर पहिल्या दहा मिनिटांत काय करावें आणि काय करूं नये, हें ठाऊक नसतें. आणि ठाऊक नसल्याची रुखरुखहि नसते, कारण प्रसंग आला तर आपण वडिलांसाठीं काय वाटेल तें करूं, असा आपला मनापासूनचा विश्वास असतो.

या विश्वासाची परंपरा तरी आपल्याकडे आहे काय, हें मीं शोधून पाहिलें, तर उलटच आढळलें. चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. त्यांतील प्रत्येकास चार-चार गुण लावून दिले आहेत. परिचारकाचे गुण म्हणजे उपचाराचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शुचिता. अनुराग तेथें आहे, पण तो तिसरा आहे. श्लोकांतील क्रमावरून फार मोठें अनुमान काढूं नये, हें मला मान्य आहे. परंतु अनुराग हा चारांपैकीं एक आहे, उरलेल्या तिहींच्या जागीं बसणारा नव्हे, एवढें तर खास. आणि ‘शुश्रूषा’ हा शब्दच पाहा. ‘श्रु’ म्हणजे ऐकणें; त्याच्या इच्छार्थक रूपापासून हा शब्द निघाला आहे, म्हणजे त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. गुरूचें ऐकण्याची इच्छा, त्यावरून आज्ञापालन, त्यावरून सेवा, आणि अखेर रोग्याची सेवा, असा तो उतरत आला. मूळ अर्थ आपण विसरलों. पण सुशिक्षित परिचारिका आज रोग्याच्या खाटेपाशीं जें करते तें त्या मूळ अर्थाच्या आश्चर्यकारक रीतीनें जवळ आहे.

पक्षाघाताची तीव्रता मोजण्याची एक पद्धति १९८९ सालीं प्रसिद्ध झाली, ती अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्यसंस्थांच्या नांवानें ओळखली जाते व आज जगभर वापरली जाते. तींत रोग्यास विचारतात: हा महिना कोणता? तुमचें वय काय? उत्तर बरोबर तरी असतें किंवा चुकीचें तरी. जवळपास आल्याचे गुण मिळत नाहींत, आणि धरावयाचें तें पहिलें उत्तर. मग डोळे मिटा, उघडा. मूठ वळा, सोडा. हात पुढें धरवून दहा सेकंद पाहावयाचें, पाय उचलवून पांच सेकंद. आणि या सर्वांत कटाक्षानें पाळावयाचा नियम असा कीं रोग्यास उत्तर सुचवावयाचें नाहीं. ज्यांनीं अशी तपासणी पाहिली असेल त्यांना हा नियम पाळणें किती कठीण आहे हें सांगावयास नको. महिना कोणता, असें परिचारिका विचारते न विचारते तोंच मागून मुलगी म्हणते, “बाबा, सांगा ना, आतांच नाहीं का गणपति झाले?” वडिलांचें अपयश मायेस पाहवत नाहीं. परिचारिकेस मात्र तें अपयश जसेंच्या तसें हवें असतें. कारण थोड्या वेळानें पुन्हां हाच प्रश्न विचारावयाचा असतो, आणि रोगी सुधारत आहे कीं ढांसळत आहे हें त्या दोन उत्तरांच्या तुलनेवरूनच कळावयाचें असतें. मुलीनें सांगितलेलें उत्तर वडिलांच्या मेंदूविषयीं कांहींच सांगत नाहीं. रोगी बोलूं शकत नसेल तर त्याचें न बोलणेंहि ऐकावें लागतें: मेंदूच्या डाव्या भागास इजा झाली असतां पुष्कळांची वाचा जाते, पण समज शाबूत असूं शकते, आणि खाटेशेजारीं त्याच्या मिळकतीविषयीं चाललेलें कुजबुजणें तो ऐकत असतो.

संयमाचा हाच गुण इतरत्रहि लागतो. रक्तातील साखर फार उतरली तरी पक्षाघातासारखींच लक्षणें दिसतात, म्हणून ती प्रथम तपासावयाची. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून घरांतील गोळी देण्याची घाई करावयाची नाहीं, कारण गुठळीपलीकडे जें थोडेंबहुत रक्त पोंचत आहे तें त्या दाबाच्याच बळावर पोंचत असतें. हृदयविकारांत ऐकलेली अ‍ॅस्पिरिनची गोळीहि द्यावयाची नाहीं. आंत गुठळी आहे कीं रक्तस्राव, हें कितीहि निष्णात डॉक्टर नुसत्या डोळ्यांनीं खात्रीपूर्वक सांगूं शकत नाहीं, आणि रक्तस्राव असेल तर ती गोळी अपाय करील. हा भेद दाखविणारें सी. टी. स्कॅनचें यंत्र हाउन्सफील्डच्या बुद्धीमुळें १९७१ सालीं प्रथम रोग्याच्या उपयोगीं पडलें. तेव्हां जवळचें रुग्णालय तें चांगलें हा नियमहि येथें लागत नाहीं. जेथें हें यंत्र चालू आहे आणि औषध देणारा माणूस हजर आहे तेंच जवळचें. ही चौकशी गाडींत बसण्यापूर्वीं, किंबहुना रोग येण्यापूर्वींच, करून ठेवण्यासारखी आहे.

इतक्या बारीकसारीक गोष्टींनीं काय होणार, असें वाटेल. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स प्रांतांत १९ पक्षाघात-विभागांतून एक परीक्षा झाली; तिचा वृत्तान्त २०११ सालीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत आला. नवें औषध नाहीं, नवें यंत्र नाहीं. परिचारिकांनीं तीनच गोष्टी नेमानें पाहावयाच्या: ताप, साखर आणि गिळणें. जेथें हा नेम शिकवून पाळला गेला तेथें ९० दिवसांनंतर मृत किंवा परावलंबी झालेल्यांचें प्रमाण ४२ टक्के भरलें. जेथें नेहमीप्रमाणें चाललें तेथें ५८ टक्के. दोन्हीकडे परिचारिका सहृदयच होत्या असें मानण्यास हरकत नाहीं. फरक पडला तो ज्ञानाचा आणि नेमाचा.

याच्या शेजारीं आपल्याच महाराष्ट्रांतील एक आकडा ठेवून पाहावा. गडचिरोली जिल्ह्यांतील ८६ गांवांत ‘सर्च’ या संस्थेनें २०११ ते २०१३ या काळांत झालेल्या १५९९ मृत्यूंचीं कारणें शोधलीं. त्यांपैकीं २२९, म्हणजे १४.३ टक्के, मृत्यु पक्षाघातानें झालेले निघाले. दुसरें कोणतेंहि कारण इतकें मोठें नव्हतें. आणि त्या रोग्यांपैकीं ८७.३ टक्के घरींच वारले. घरीं, आपल्या माणसांत मरण यावें, ही आपल्यांतील पुष्कळांची इच्छा असते. हा आकडा त्या इच्छेच्या पूर्तीचा आहे असें ज्यास म्हणवेल त्यानें म्हणावें. मला त्यांत दारिद्र्य दिसतें, अंतर दिसतें, आणि उशाशीं बसलेली, काय करावें हें न कळणारी माया दिसते.

मायेची आणखी एक कसोटी औषध देण्याच्या वेळीं लागते. गुठळी विरघळविणारें औषध निर्धोक नाहीं. वर सांगितलेल्या १९९५ च्या परीक्षेंत औषध घेतलेल्यांपैकीं ६.४ टक्के रोग्यांस मेंदूंत लक्षणें उत्पन्न करणारा रक्तस्राव झाला. न घेतलेल्यांत तें प्रमाण ०.६ टक्के होतें. डॉक्टर हें सांगतो व संमति मागतो. रोगी बोलूं शकत नाहीं. संमति मुलानें द्यावयाची. अशा वेळीं कांहीं न करणें हेंच निष्पाप आहे असें मनास वाटतें: औषधानें अपाय झाला तर तो मीं केला, औषधावांचून हात कायमचा गेला तर तो देवानें नेला. नीतिशास्त्राच्या वर्गांत कृति आणि अकृति यांच्या जबाबदारींतील भेद आम्ही मोठ्या चवीनें शिकवितों. परंतु येथें तो भेद बहुधा स्वतःस वांचविण्याच्या कामीं येतो. वडिलांचें आयुष्य पणास लागलेलें असतांना आपले हात स्वच्छ राहतात कीं नाहीं याकडे मुलाची नजर असावी, हें मला मायेचें लक्षण वाटत नाहीं. आणि नकार द्यावयाचा तर तोहि त्यांचा विचार करून द्यावा, भीतीनें नव्हे.

आतांपर्यंतच्या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. ज्ञान आणि नेम यांचीच महती गाइली तर माया ही रुग्णालयाच्या दाराबाहेर ठेवावयाची वस्तु ठरणार नाहीं काय? शिवाय घरच्या माणसांस ज्ञान दिलें म्हणजे सर्व साधेल, असेंहि अनुभव सांगत नाहीं. भारतांतील १४ रुग्णालयांतील १२५० रोग्यांवर झालेली एक परीक्षा २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. तींत अर्ध्या रोग्यांच्या घरच्या माणसांस हालचाल, व्यायाम, बसविणें-उठविणें यांचें शिक्षण देण्यांत आलें. सहा महिन्यांनीं पाहिलें तर मृत वा परावलंबी झालेल्यांचें प्रमाण दोन्ही गटांत सारखेंच, सुमारें ४७ टक्के. हा निष्कर्ष माझ्या प्रतिपादनास अडचणीचा आहे, आणि मला तो झांकावयाचा नाहीं. पण त्याचा अर्थ मी असा लावतों: मेलेली मज्जापेशी कोणत्याहि शिकवणीनें उठत नाहीं, आणि चरकाची दक्षता थोड्या दिवसांच्या पाठानें येणारी नव्हे, ती अनेक रोग्यांच्या खाटेपाशीं उभें राहून हातास लागते. घरच्या माणसानें निष्णात परिचारिका व्हावें ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्यानें वेळ ओळखावी, चमचा खालीं ठेवावा, आणि जिच्या हातीं ती विद्या आहे तिच्याकडे रोग्यास पोंचवावें, एवढेंच मागणें आहे. पुढचीं वर्षें मात्र मायेचींच. लुळा पडलेला माणूस चिडतो, रडतो, कधीं आपला डावा हात आपला नाहींच म्हणून हटून बसतो. तेथें अनुरागावांचून दुसरा गुण टिकत नाहीं. फक्त हीं वर्षें बहुधा घरांतील एकाच स्त्रीच्या वांट्यास येतात, आणि पहिल्या चार तासांत जी कसूर झाली तिची भरपाई ती सून आठ वर्षें करीत राहते. त्या आठ वर्षांची स्तुति करतांना त्या चार तासांचा कोणी उल्लेखहि करीत नाहीं.

आणि जिच्या हातीं ती विद्या आहे, तिची काय वाट? पुण्यास १९०९ सालीं निघालेल्या सेवासदनानें रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें स्त्रियांस परिचारिकेचें शिक्षण देण्यास आरंभ केला, तेव्हां परक्या माणसाचें मलमूत्र काढणारी ही विद्या कुलीन घरांत हीन मानली जात होती. ती लाज आतां राहिलेली नाहीं. पण घरांतील रोग्यास हात लावणारी सून साध्वी, आणि तेंच काम अधिक चांगलें करणारी सिस्टर पगारी नोकर, हा भेद आपल्या बोलण्यांत अजून आहे. पगार घेतल्यानें अनुराग नाहींसा होतो असें चरकानें कोठें म्हटलेलें नाहीं.

रुग्णालयांत पोंचल्यावर डॉक्टरचा पहिला प्रश्न, झटका केव्हां आला, हा असतो. पण त्याचें उत्तर कोणासच ठाऊक नसेल तर तो दुसरा प्रश्न विचारतो: यांना शेवटचें धडधाकट कोणीं आणि केव्हां पाहिलें? औषधाचे साडेचार तास तेथून मोजतात. आमच्याकडे हा प्रश्न फार अवघड होऊन बसला आहे. मुलें मुंबईस, गणपतीला आणि मे महिन्यांत येणारीं. मोठ्या घरांत म्हातारें जोडपें, किंवा दोघांपैकीं उरलेलें एकच. झटका झोंपेंत आला तर सकाळीं दूध घालणारा दार ठोठावतो तेव्हां कळावयाचें. रात्रीं नऊ वाजतां मुलाचा फोन आला होता आणि तेव्हां त्या नीट बोलत होत्या, एवढेंच कोणास सांगतां आलें, तर घड्याळ नवापासून धरावें लागतें आणि औषधाची वेळ टळून गेलेली असते. पहांटे सहाला त्यांना तुळशीपाशीं दिवा लावतांना पाहिलें होतें असें सांगणारा शेजारी निघाला, तर तें सहापासून धरतात.